न पिता झिंगलेला

आकुर्डीच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ होती. तिथल्या पिणाऱ्या माणसांना दोनच गोष्टींची धास्ती असायची, एक पोलिसांची आणि दुसरी भीमराज ओव्हाळची. पगाराच्या संध्याकाळी भीमराज गुत्त्याच्या बोळाशी उभा राहायचा. आत वळणाऱ्याचा हात धरायचा आणि म्हणायचा, "आदी घरी जाऊन ये. पोरांची तोंडं बघ. मग वाटलं तर खुशाल परत ये, मी आडवनार न्हाई." घरी गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. काही जण शिव्या घालत. एकजण तर त्याच्या तोंडावर थुंकला होता. भीमराजनं रुमालानं तोंड पुसलं आणि पुन्हा त्याचाच हात धरला.

त्याला तसंच कारण होतं. मोशीच्या पुढं, चाकणच्या रस्त्याला त्याचं गाव. बाप हातभट्टीपायी गेला. आई जाईबाई गावाची चावडी झाडायची आणि त्याबद्दल घरोघरची शिळी भाकरी मागून आणायची. धर्म बदलला त्या वर्षी तिनं चावडीचा झाडू ओढ्यात भिरकावला आणि पोराला जवळ घेऊन दोन गोष्टी बजावल्या. बापासारखं प्यायचं नाही आणि तिच्यासारखा दुसऱ्याच्या दारात झाडू धरायचा नाही. भीमराज तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्यानं मान डोलावली, आणि ती मान डोलावणं त्याला पुढं फार महागात पडलं.

पिंपरी-चिंचवडला कंपन्या यायला लागल्या तेव्हा तो पाया खणायच्या कामावर आला. ज्या कंपनीचा पाया खणला त्याच कंपनीत हेल्पर म्हणून चिकटला. संध्याकाळच्या वर्गात बसून अक्षरं शिकला. पहिल्यांदा पगाराला अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी त्यानं शालनला पेढे आणले होते. शालन त्याची बायको, मावळातली, बोलायला फटकळ. ती म्हणाली होती, "सही केली, राज्य न्हाई जिंकलं. पण द्या एक पेढा." त्यांना एकच मुलगी, विशाखा.

कंपनी लोखंड ठोकून गाड्यांचे भाग बनवायची. भीमराजचं काम हॅमरवर. भट्टीतून लालभडक तुकडा सांडशीत धरून काढायचा, साच्यावर ठेवायचा आणि वरून बैलाएवढा घण आदळत असताना प्रत्येक घावामागं तो फिरवायचा. घण चालवायचा ज्योतीराम. त्याचा पाय पायडलवर, भीमराजचे हात सांडशीवर. आवाज असा की शेजारी बोंब मारली तरी ऐकू येऊ नये. तरी दोघांत चूक होत नसे.

या कामात एक मेख होती. घाव बसायच्या नेमक्या आधी सांडशीवरची मूठ ढिली सोडावी लागते, नाहीतर हादरा थेट खांद्यात जातो. आणि घाव बसला की लगेच आवळावी लागते, नाहीतर तापलेला तुकडा उडून कुणाच्या तरी अंगावर येतो. हे विचार करून जमत नाही. विचार होईपर्यंत घण खाली आलेला असतो. भीमराजला नव्या पोरांनी विचारलं की तो हसून म्हणायचा, "मला काय ठावं? हाताला इचारा." त्याच्या डोळ्यांच्या पापण्यासुद्धा ठिणग्या उडायच्या आधी मिटायच्या आणि लगेच उघडायच्या.

ज्योतीराम उस्मानाबादकडचा, मराठा. सुरुवातीला डबा खायला तो लांब बसायचा. मग दोन हात सरकला, मग चार हात. एका पावसाळ्यात त्यानं स्वतःहून शालनच्या हातची सुकट मागून घेतली आणि त्यानंतर दोघांचे डबे एकत्रच सुटू लागले. रोज इतके घाव एकाच्या पायानं आणि दुसऱ्याच्या हातानं पडले की माणसं जवळ येतातच. निदान भीमराजला तसं वाटायचं.

त्र्याहत्तर सालचा मे महिना दुष्काळाचा होता. खात्यातल्या पाण्याच्या टाकीला तळ दिसत होता. भट्ट्यांवरचे मोठे पंखे एप्रिलातच बंद पडले होते. फोरमन काळोखे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "मोटर जळलीय. वरनं मंजुरी यायचीय." मंजुरी आली नाही, पण मालाची ऑर्डर आली. दुपारपाळीची माणसं कमी म्हणून सकाळपाळीच्या लोकांना थांबवून घेतलं.

दुपारी भीमराज काळोखेकडं गेला. "साहेब, डोकं धरलंय. घाम यायचा बंद झालाय."

"बरंय की मग," काळोखे म्हणाला, "तेवढाच कोरडा राहशील. गाडी लागलीय भीमराज, आज माल जायलाच पायजे."

भीमराज परत हॅमरवर उभा राहिला. थोड्या वेळानं तो ज्योतीरामकडं बघून काहीतरी बोलायला लागला. ओठ हलत होते, पण चेहऱ्यावरून कळत होतं की तो ज्योतीरामशी बोलत नाहीये. मग सांडशी गळाली आणि भीमराज भट्टीच्या तोंडाशीच कोसळला. त्याचं अंग इतकं तापलं होतं की ज्योतीरामनं काखेत हात घातला आणि पटकन काढून घेतला. कंपनीची गाडी माल सोडायला गेली होती. ती येईपर्यंत भीमराज ऑफिसबाहेरच्या बाकावर पडून राहिला.

कामगारांच्या दवाखान्यात बर्फात घालून डॉक्टरांनी त्याला वाचवला. शुद्धीवर यायला बरेच दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, नशीब बलवत्तर. अशक्तपणा आहे, खाऊनपिऊन भरून येईल.

तो घरी आला आणि शालननं त्याला पाण्याचा तांब्या दिला. भीमराजनं हात पुढं केला. हात तांब्याच्या पलीकडं गेला, मागं आला, थरथरत तांब्याला धडकला आणि पाणी सगळं अंगावर. दोघं हसले. अशक्तपणा, दुसरं काय. पण खाऊनपिऊन अंग भरलं, गालही वर आले, तरी हात तसाच राहिला. पाय फाकवून चालावं लागायचं. उंबरा ओलांडताना जमीन कधी लवकर यायची, कधी उशिरा. जीभ जड झाली. शब्द तोंडात तयार असायचे, पण बाहेर पडताना एकेक अक्षर सुटं व्हायचं, एखादं फुटायचं, एखादं चिकटायचं. पाठ खाजवायला स्वतःचाच हात मागं नेला तर तो दचकायचा. आपलाच हात, पण परक्यानं मागून येऊन शिवावं तसा लागायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं?

जून सरता सरता तो कामावर हजर झाला. जाऊ नका म्हणून शालन भांडली. पण घरात बसून अंग आंबतं, हॅमरवर उभं राहिलं की हाताला आपोआप आठवेल, असं त्याचं म्हणणं.

हाताला आठवलं नाही. ज्योतीरामनं पायडल दाबलं. भीमराजला घण खाली येताना दिसत होता. मूठ ढिली करायची हेही कळत होतं. पण मूठ सुटली ती घाव बसून गेल्यावर, नेमकी आवळायच्या वेळेला. सांडशी वाकडी झाली आणि तापलेला तुकडा उडून ज्योतीरामच्या कोपराला चाटून गेला. कातडी सोलून निघाली. ज्योतीरामची किंकाळी हॅमर थांबल्यावर ऐकू आली.

काळोखे धावत आला. पायडल चुकलं की सांडशी चुकली, हे त्याला वर सांगायचं होतं. त्यानं भीमराजला विचारलं. भीमराज घाबरलेला, त्यामुळे जीभ आणखीच अडखळली. "मी… सो…डली… पण…" उभ्या उभ्या तो डुलत होता. काळोखेनं नाक पुढं करून हुंगलं. मग ज्योतीरामकडं वळला.

"ज्योत्या, खरं सांग. तुझा पाय लवकर पडला का ह्यो पिऊन आलाय?"

ज्योतीराम कोपर धरून बसला होता. त्यानं एकदा भीमराजकडं बघितलं. भीमराज प्यालेला नाही असं म्हटलं, तर चूक पायडलची ठरत होती आणि पायडलवर पाय त्याचा होता. घरी दुर्गाबाई आणि तीन लेकरं होती.

"माजा पाय बराबर व्हता," तो म्हणाला. "वास… येत व्हता सकाळधरनं."

भीमराजला हसू आलं. खरोखरच आलं. त्याला वाटलं, ज्योतीराम दुखण्याच्या भरात काहीतरी बरळला, आता सगळे हसतील. पण कुणीच हसलं नाही.

चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं. त्या संध्याकाळी चाळीत बातमी त्याच्याआधी पोचली होती. गुत्त्याच्या बोळात ज्यांचे हात त्यानं वर्षानुवर्षं धरले होते, ते ओट्यावर बसून त्याची चाल बघत होते. एकजण म्हणाला, "भीमदादा, आदी घरी जाऊन या. पोरीचं तोंड बघा." सगळा ओटा खदखदला.

शालननं त्याला पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डोक्याच्या आजारांचे डॉक्टर सोहोनी होते, बोलायला सावकाश आणि नजरेनं बारीक. त्यांनी भीमराजला नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं. मांडीवर एकदा तळहात, एकदा हाताची पाठ असं भराभर आपटायला सांगितलं. दोन-तीन आपट्यांतच ताल सुटला. मग डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं.

"मी ओढतो, तुम्ही हात छातीकडं खेचून धरा. जोर लावा."

भीमराजनं जोर लावला. डॉक्टरांनी एकदम हात सोडला आणि भीमराजची स्वतःचीच मूठ त्याच्या हनुवटीवर बसली. शालन ओरडली. डॉक्टरांनी आधीच आपला दुसरा हात मध्ये धरला होता म्हणून फार लागलं नाही.

"माफ करा. बघणं भाग होतं," ते म्हणाले. "कुणीही दुसरा असता तर हात सुटताक्षणी थांबला असता. तुमचा थांबत नाही." त्यांनी स्वतःच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला हात ठेवला. "इथं एक छोटा मेंदू असतो. हात हलव असा हुकूम मोठा मेंदू देतो. पण हात कुठं पोचेल, कधी पोचेल, पोचल्यावर कसं लागेल, हे हा छोटा आधीच सांगून ठेवतो. त्यामुळं आपण वेळेवर थांबतो, वेळेवर पकडतो. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तर कसा धक्का बसतो?"

"व्हय," शालन म्हणाली.

"तो धक्का बसतो, कारण आत कुणीतरी पायरीची वाट बघत असतं. यांचा तो वाट बघणाराच गेलाय. आता यांना प्रत्येक पाऊल म्हणजे ती नसलेली पायरी."

भीमराजनं मान वर केली. गेल्या दोन महिन्यांत त्याचं दुखणं पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याच आतून बघितल्यासारखं सांगितलं होतं. "कशा…नं?" त्यानं विचारलं.

"त्या तापानं. फार चढलेला ताप तिथल्या पेशी मारतो. त्या परत येत नाहीत."

"आन् दारूनं?" शालननं विचारलं. "कंपनीवाले म्हणत्यात…"

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "दारूनंही होतं. वर्षानुवर्षं प्यायलेल्यांना. पण यांना तापानंच झालंय." आणि त्यांनी कागदावर दोन्ही गोष्टी लिहिल्या. खोटं किंवा अर्धवट लिहिण्यातला तो माणूस नव्हता.

चौकशीच्या दिवशी लेबर ऑफिसरनं तो कागद वाचला, घडी घातली आणि भीमराजला खुर्चीवर बसवलं. आवाज मऊ होता.

"ओव्हाळ, मी तुमच्या भल्याचं सांगतो. मेंदूचा आजार आहे म्हणालात तर तुम्ही कामाला नालायक ठरता. कंपनी तुम्हाला ठेवू शकत नाही. पण त्या दिवशी चुकून प्यालो होतो, पुन्हा असं होणार नाही, असं म्हणालात तर ती शिस्तीची बाब होते. पहिलीच चूक. हॅमरवर नाही, पण झाडूखात्यात जागा करतो."

"पंखे बंद व्हते," भीमराज कसाबसा म्हणाला.

"पंख्यांचा विषय आज नाही."

त्या रात्री खोलीत कुणी जेवलं नाही. विशाखा नव्या इयत्तेत गेली होती, कोपऱ्यात पाठ फिरवून बसली होती. शालन म्हणाली, "मी चार घरची धुणी करीन. पर ह्ये पाप डोक्यावर घेऊ नका."

"खोली… कंपनीच्या… वळखीनं… हाय," तो म्हणाला. "पोर… शाळंत…"

"आत्याबाईंना काय सांगाल?"

जाईबाई अजून गावाकडं जिवंत होती. भीमराज उठून दाराबाहेर जाऊन बसला.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्या खात्यासमोर त्यानं आपण प्यालो होतो असं सांगितलं. जीभ अडखळत असल्यामुळं एक वाक्य संपायला फार वेळ लागला, आणि त्या अडखळण्यामुळंच ते वाक्य लोकांना पटलं. ज्योतीराम मागं, खांबाच्या आड उभा होता. मग ऑफिसात सही करायची वेळ आली. लेखणी कागदावर सरळ राहीना. दोनदा रेघा ओढून झाल्यावर कारकुनानं शाईचा डबा पुढं सरकवला. भीमराजनं अंगठा उठवला.

त्यानंतर तो झाडू लागला. झाडू मारायलासुद्धा अंदाज लागतो हे त्याला तेव्हा कळलं. कचरा एकीकडं, झाडू एकीकडं. पोरं हसत. हळूहळू त्यानं भिंतीला पाठ टेकून झाडायची युक्ती काढली. चाळीतल्या जयंती मंडळात तो आधी पुढं असायचा. मंडळानं त्याला येऊ नका असं सांगितलं नाही, पण बैठक कधी आहे हेही सांगितलं नाही. गुत्त्यापाशी उभं राहणं तर संपलंच. आई पुन्हा कधी त्याच्याकडं राहायला आली नाही. निरोप तेवढा आला, "दोन गोष्टी सांगितल्या व्हत्या. दोन्ही मोडल्या." ती गेली तेव्हा सरणाजवळ त्याला भाऊबंदांनी दंडाला धरून ठेवलं होतं, पडेल म्हणून. गावकऱ्यांना वाटलं, आईच्या मयतालाही पिऊन आला.

सगळ्यांत वाईट गोष्ट घरात घडली. विशाखाच्या वर्गातल्या मुलींनी त्याला रस्त्यात पडताना बघितलं होतं. एकदा रागाच्या भरात ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना सगळ्यांसमोर प्यालो म्हणून? मग आता मी काय सांगू?" शालननं तिच्या थोबाडीत मारली. भीमराज मध्ये पडला नाही. पोरीचं काय चुकलं होतं?

ज्योतीराम रोज दिसायचा. एकाच खात्यात, एकाच छपराखाली. तो डबा आता दुसऱ्या टोकाला खायचा. माफी त्यानं कधी मागितली नाही. एकदाच, आणीबाणीतल्या उन्हाळ्यात, तो भीमराज झाडत होता तिथं येऊन उभा राहिला.

"पंखे परत बंद पडलेत," तो म्हणाला.

भीमराजनं वर बघितलं. त्याला ते आठ दिवसांपासून माहीत होतं. "सांग… की… काळोख्याला."

"आता कोण बोलतंय? तोंड उघडलं की बाहेर." ज्योतीराम थोडा वेळ घुटमळला. बहुतेक त्याला आणखी काही बोलायचं होतं. भीमराजनं झाडू पुढं ढकलला. ज्योतीराम गेला.

त्याच आठवड्यात ज्योतीराम पायडलवरच कोसळला, अंगावर घामाचा टिपूस नव्हता. त्याला बर्फात घालायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. दवाखान्याच्या दारात नेईपर्यंत तो संपला होता. बातमी ऐकली तेव्हा भीमराजला बरं वाटलं. हे त्यानं पुढं फक्त शालनला सांगितलं. घोटभर गार पाणी प्यावं तसं बरं वाटलं.

कंपनीनं सांगितलं, हृदयाचा झटका. घराण्यातच दोष असेल. युनियनच्या एका वकिलानं दुर्गाबाईला भरपाईसाठी कोर्टात उभं केलं, पण खात्यातला एकही माणूस पंखे बंद होते असं सांगायला तयार होईना. तेव्हा दुर्गाबाई चाळीत आली. भीमराज दाराशी बसला होता. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"भाऊजी, माज्या मालकानं तुमच्यावर खोटा आळ घेतला व्हता. मला ठावं हाय. मरायच्या आदी बोलले व्हते मला," ती म्हणाली. "मागायला तोंड न्हाई. पर लेकरं हायती."

शालन आतून बाहेर आली. "आता आठवलं व्हय? माझ्या नवऱ्याचं तोंड काळं करून ठेवलं, आन् आता त्याच तोंडानं साक्ष पायजे? तवा का न्हाई आलीस बोलायला?"

दुर्गाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"जा…तो मी," भीमराज म्हणाला.

"नोकरी जाईल," शालन म्हणाली.

"जाऊ…दे."

शालननं दुर्गाबाईला पाणी दिलं, पण आत ये म्हणाली नाही.

खटला रखडत रखडत उभा राहिला तोवर आणीबाणी उठली होती, सरकार बदललं होतं. भीमराजनं इस्त्रीचा सदरा घातला. शालननं त्याची गुंडी लावली. साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत जाताना त्यानं दोन बाकांचा आधार घेतला आणि तिसरा हुकला. कोर्टात कुजबुज झाली.

त्यानं सांगितलं. पंखे दोन्ही वेळा बंद होते. पाणी नव्हतं. ज्योतीरामचा घाम थांबला होता. एकेक शब्द ढकलत त्यानं सगळं सांगितलं. न्यायाधीश चष्मा काढून लक्ष देऊन ऐकत होते.

मग कंपनीचा वकील उठला. सभ्य माणूस, आवाजही चढवला नाही.

"ओव्हाळ, तुम्ही ड्युटीवर दारू पिऊन आला होतात, असं सगळ्या कामगारांसमोर कबूल केलंत. खरं?"

"तवा… मी… खोटं… बोललो."

"का?"

"नोकरी… पाय…जे… म्हणून."

"म्हणजे फायदा असेल तर तुम्ही खोटं बोलता."

भीमराजच्या तोंडात उत्तर होतं. चांगलं, धारदार उत्तर होतं. पण ते जिभेवर आलं तोवर वकील पुढच्या प्रश्नावर गेला होता. त्यानं डॉक्टर सोहोनींचा कागद वर धरला. "हा आजार दारूनंही होतो, असं तुमच्याच डॉक्टरांनी लिहिलंय ना?" डॉक्टर तेव्हा बदलीवर नागपूरला होते. बोलावूनही ते येऊ शकले नव्हते.

शेवटी न्यायाधीशांनीच, जरा संकोचून, विचारलं, "आज काही घेऊन आला आहात का?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. शालन उभी राहिली आणि ओरडली, "न्हाई घेत वो माझा नवरा! जल्मात न्हाई घेतली!" पट्टेवाल्यानं तिला बाहेर नेलं.

निकालात लिहिलं होतं की मृत्यू कामामुळं झाला हे शाबीत होत नाही आणि साक्षीदार भरवशाचा वाटत नाही. दुर्गाबाई लेकरं घेऊन उस्मानाबादकडं परत गेली. जाताना भेटायला आली नाही. भीमराजला त्याच महिन्यात कामावरून काढलं, कंपनीची बदनामी केली म्हणून. खोलीवाल्यानं भाडं वाढवून खोली ठेवू दिली, आणि शालन चिंचवडच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली.

ऐंशीच्या सुमाराला डॉक्टर सोहोनी पुण्याला परतले. वर्षातून एकदा ते भीमराजला बोलावून घेत, विद्यार्थ्यांना दाखवायला. भीमराज जाई. तिथं त्याला सन्मानानं खुर्ची मिळायची. पांढऱ्या कोटातली मुलं गोल करून उभी राहायची, त्याचं नाक, बोट, टाच, गुडघा सगळं बघायची. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "बोला, कारण काय असेल?" पहिल्या रांगेतला हुशार मुलगा लगेच म्हणाला, "सर, दारू."

"त्यांनाच विचारा," डॉक्टर म्हणाले.

मुलगा नम्रपणे वाकला. "काका, तुम्ही पिता का? किती वर्षं?"

भीमराजनं त्याच्याकडं बघितलं. चांगल्या घरातला, केस नीट विंचरलेला मुलगा. त्याच्यावर रागवायला काही कारण नव्हतं. "पु…स्त…कात… बघ," तो म्हणाला. मुलं हसली, कारण त्यांना तो विनोद वाटला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी भट्टीची, तापाची सगळी हकिगत मुलांना सांगितली आणि मुलांनी ती वहीत उतरवून घेतली.

परतताना पहिल्या बसच्या कंडक्टरनं त्याला चढू दिलं नाही. "उतरा खाली. रिचवायची तर घरी रिचवा." दुसरी बस थांबलीच नाही. तिसरीत एका बाईनं जागा दिली आणि स्वतः उठून मागं जाऊन उभी राहिली, लांब.

दिवस मावळताना तो चाळीत पोचला. शालन खानावळीतून नुकतीच आली होती. तिनं भातात आमटी आधीच कालवून ताट दाराबाहेर त्याच्यापुढं ठेवलं, म्हणजे सांडणार नाही.

"तळेगावची मंडळी न्हाई म्हणाली," ती म्हणाली. विशाखासाठी तिथलं स्थळ आलं होतं.

भीमराजनं का ते विचारलं नाही. विशाखा आत होती. ती शिवणाच्या वर्गाहून आली होती आणि तिनं दार लोटून घेतलं होतं. आतून मशीनचा आवाज येत होता, एकसारखा, न अडखळता. भीमराजनं घास उचलला आणि तोंड कुठं आहे याचा अंदाज घेत हात हळूहळू वर नेला.